मांजराचं लिटर बदललं की खोकला थांबतो, पंधरा दिवसांनी परत येतो: धूळ नेमकी कुठून येते?

आमच्याकडे नागपुरात सलग तीन उन्हाळे एकच गोष्ट घडली. मार्च संपता संपता हॉलच्या खिडकीला कूलर लागायचा आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत आमची मांजर, बुंदी, खोकायला लागायची. तिच्या मागोमाग सासूबाईंचा दमा उठायचा. एरवी महिन्यातून एखाद्या वेळी लागणारा त्यांचा पंप रोज रात्री उशाशी यायचा. आम्ही लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायचे शोषक खडे, बदलायचो. आठ-दहा दिवस घर शांत. मग एका पहाटे पुन्हा तोच आवाज आणि आतल्या खोलीतून आईंची, म्हणजे सासूबाईंची हाक, "अगं, बुंदी पुन्हा खोकलून राहिली बघ."

चार ब्रँड झाल्यावर मी वही घेऊन बसले. बॅग कोणत्या दिवशी उघडली, कूलर कधी सुरू झाला, ट्रे कधी पूर्ण रिकामा केला, खोकला कधी सुरू झाला, आईंना पंप कधी लागला, सगळ्या तारखा एकाखाली एक मांडल्या. तेव्हा दिसलं की दोष कुठल्या एका ब्रँडचा नव्हता. धूळ तीन वाटांनी येत होती. नवी बॅग आणली की त्यातल्या दोन वाटा काही दिवस बंद व्हायच्या, म्हणून बरं वाटायचं. तिसरी वाट आम्ही कधी बंद केलीच नव्हती. तुमच्याकडेही लिटर बदलल्यावर आराम पडतो आणि मग सगळं मूळपदावर येतं असं होत असेल, तर आणखी एक बॅग विकत घेण्याआधी हे वाचा.

शोधाला लागण्याआधी

मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, जीभ किंवा हिरड्या निळसर-राखाडी दिसत असतील, श्वास घेताना पोट जोरजोरात आतबाहेर होत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. तिला टोपलीत ठेवा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या. कुत्रा उन्हाळ्यात जीभ बाहेर काढून धापा टाकतो, ते त्याचं नेहमीचं आहे. मांजराचं तसं नसतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापणाऱ्या नऊ दिवसांत, पारा ४५-४६ अंशांवर असताना मांजर हाफत असेल तर "गरमीनं होत असेल" म्हणून सोडून देऊ नका. घरातल्या माणसाला पंप घेऊनही आराम पडत नसेल, बोलताना एक वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर तेही लिटरच्या चर्चेपलीकडचं आहे, सरळ दवाखाना गाठा.

मी स्वतः दोन वर्षं ज्यात फसले ते आता सांगते. मांजराचा खोकला हा खोकल्यासारखा दिसत नाही. बुंदी चारही पायांवर दबून बसायची, छाती जमिनीला टेकायची, मान पुढे लांब करायची आणि घशातून खरखर आवाज काढायची. शेवटी काहीच बाहेर पडायचं नाही, ती एकदा गिळायची आणि निघून जायची. मला वाटायचं, केसांचा गोळा अडकलाय. एका दवाखान्यातून केसांच्या गोळ्यासाठीची पेस्ट दोनदा आणून चाटवली. केसांचा गोळा काढताना मांजराचं पोट उमासे आल्यासारखं हलतं आणि बहुतेक वेळा फेस, केस किंवा अन्न बाहेर येतं. दम्याच्या खोकल्यात मान लांब होते आणि हाती काही लागत नाही. फरक इतकाच, पण तो डोळ्यांनी दिसतो. पुढच्या वेळी असं झालं की मोबाइलवर व्हिडिओ काढा. तपासणीच्या टेबलावर मांजर सहसा खोकत नाही, त्यामुळे डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

दुसरं एक साधं माप आहे. मांजर गाढ झोपलेली असताना तिची छाती वर-खाली होताना मोजा, वर जाऊन खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. निरोगी मांजराचा आकडा झोपेत मिनिटाला ३० च्या आत असतो. सलग दोन-तीन दिवस तो ३० च्या वर जात असेल तर लिटर कोणतंही असो, दाखवून घ्या. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. तिथल्या दवाखान्यात प्राण्यांची तपासणी होते. जवळपास मांजरांची सवय असलेले डॉक्टर नसतील तर तिथे जाता येतं.

मांजरांमध्ये दम्याचं प्रमाण साधारण १ ते ५ टक्के सांगितलं जातं. म्हणजे लिटरनं प्रत्येक मांजराला दमा होतो असं अजिबात नाही. पण ज्या मांजराच्या श्वासनलिका आधीच चिडलेल्या आहेत, तिला दिवसातून तीन-चार वेळा धुळीच्या ढगात नाक घालावं लागतं आणि त्यातून तिची सुटका नसते. आपण उभे राहून ट्रे साफ करतो तेव्हा आपलं नाक चार-पाच फुटांवर असतं. मांजराचं नाक ट्रेपासून वीतभर अंतरावर, तेही ती स्वतः उकरत असताना. शिवाय जी धूळ अंगावर बसते ती नंतर चाटून पोटात जाते.

ही धूळ असते तरी काय

बाजारात सर्वात जास्त खपतं ते गोळा होणारं लिटर बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचं असतं. ही माती आपल्या देशात कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे भरपूर निघते. सोडियम बेंटोनाइट पाणी पिऊन कित्येक पट फुगतं, म्हणून लघवी पडली की घट्ट गोळा तयार होतो. लिटरचा धंदाच मातीपासून सुरू झाला. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एड लो यांनी १९४७ साली शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी शोषक माती दिली. सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती, आपण मुलतानी माती म्हणतो त्याच जातीची. सुकवलेली, भरडलेली माती म्हटलं की पीठ आलंच. ते चाळून कमी करता येतं, शून्य करता येत नाही.

या मातीत निसर्गतःच थोडं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. हे वाचून मी एक रात्र झोपले नव्हते, म्हणून स्पष्ट लिहिते. तो निष्कर्ष खाणी, दगड फोडणं, वाळूचे फवारे मारणं अशा कामांत वर्षानुवर्षं दिवसभर धूळ गिळणाऱ्या कामगारांवरून निघाला आहे. सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजारही त्यांचाच. घरात एक ट्रे असलेल्या माणसाला तो होतो असं म्हणायला आधार नाही. मोठ्या गोणीतून सुटं लिटर लहान पिशव्यांत भरून देणारा दुकानातला पोरगा मात्र दिवसातून कितीदा तरी तो ढग अंगावर घेतो. त्याला मास्क हवा, आणि तो दिसला तर मालकाला तसं सांगायला हरकत नाही.

घरातला खरा त्रास वेगळा आहे. कुठलीही बारीक कोरडी धूळ दम्याच्या माणसाला, रांगणाऱ्या बाळाला, नाक वाहणाऱ्या पोराला आणि मांजराला चिडवते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकात न अडता खाली उतरतात, आणखी लहान कण फुप्फुसाच्या पार आतपर्यंत जातात. खडे लगेच खाली पडतात, पण दोन-एक मायक्रॉनचा कण हवा अगदी स्थिर असली तरी डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला तास-दीड तास घेतो. म्हणजे तुम्ही ट्रे भरून हात धुतलेत, चहा ठेवलात, तरी तो ढग खोलीतच असतो.

बॅगेवर "९९ टक्के धूळमुक्त" लिहिलेलं असतं. ते शब्दशः खरं मानलं तरी ५ किलोच्या बॅगेत उरलेला एक टक्का म्हणजे ५० ग्रॅम. ५० ग्रॅम पिठीसाखर हॉलमध्ये उधळली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

तीन वाटा

पहिली वाट बॅगेच्या तळाशी आहे. खाणीच्या मुलखातून नागपूरपर्यंत बॅग ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर हादरत येते. खडे एकमेकांवर घासून झिजतात आणि भुकटी फटींतून खाली उतरत जाते. म्हणून नव्या बॅगेचा वरचा भाग स्वच्छ असतो आणि शेवटचा भाग पिठासारखा. माझ्या वहीत खोकल्याच्या चारपैकी तीन तारखा बॅग संपत आल्याच्या होत्या. आम्ही त्याच सुमाराला "हा ब्रँडच खराब" म्हणून नवा आणायचो, त्याचा वरचा भाग वापरायचो आणि बरं वाटायचं.

हे तपासायला लोणच्याची काचेची बरणी पुरते. तिसरा हिस्सा लिटर भरा, झाकण घट्ट लावा, दहा वेळा उलटीपालटी करा आणि ओट्यावर ठेवा. खडे लगेच बसतील. वरची हवा निवळायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग त्याच बॅगेच्या तळातलं लिटर घेऊन पुन्हा करा. आमच्या बॅगेत वरचं अर्ध्या मिनिटात निवळलं, तळाचं तीन मिनिटं झाली तरी दुधाळ होतं. एकाच बॅगेतलं, एकाच दिवशी. बरणी नंतर घराबाहेर उघडा.

दुसरी वाट ट्रेमध्येच तयार होते. आपण गोळे काढतो आणि कमी झालं तेवढं वरून टाकतो. स्कूपच्या, म्हणजे गोळे काढायच्या जाळीदार चमच्याच्या फटींतून भुकटी खालीच गळते. मांजर रोज पंजांनी तेच ते लिटर दळत असते. महिन्याभरात ट्रेच्या तळाशी जो थर होतो तो हातात घेऊन बघा, टाल्कम पावडरच. "रोज साफ करते, मग धूळ कशी?" हा माझा प्रश्न होता आणि उत्तर हे होतं की मी रोज फक्त खडे काढत होते. आता तीन आठवड्यांनी ट्रे पूर्ण रिकामा करते, साध्या साबणाने धुते आणि उन्हात खडखडीत वाळवते. ओलसर ट्रेत बेंटोनाइट टाकलं तर तळाशी चिखलाचा थर चिकटतो, म्हणून वाळवण्यात घाई नको. आणि धूळ दबावी म्हणून लिटरवर पाणी शिंपडू नका. मी शिंपडलं होतं. त्याचा गिलावा झाला.

तिसरी वाट शोधायला सर्वात वेळ लागला, आणि नागपुरातल्या बहुतेक घरांत तीच असेल असं मला वाटतं. कूलर.

आमचा ट्रे हॉलच्या कोपऱ्यात होता, खिडकीखाली, सोफ्याआड. पाहुण्यांना दिसू नये म्हणून निवडलेली जागा. त्याच खिडकीला कूलर. कूलर एसीसारखा तीच हवा फिरवत नाही. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो आणि ती बाहेर जायला समोर एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर घर दमट होतं. आमच्याकडे उघडी राहणारी खिडकी सासूबाईंच्या खोलीतली. म्हणजे हवा हॉलमधून ट्रेवरून निघायची, पॅसेजमधून जायची आणि आईंच्या पलंगावरून बाहेर पडायची. रोज, रात्रभर. आणि बुंदीची उन्हाळ्यातली झोपायची जागा पॅसेजच्या तोंडाशी, गार फरशीवर.

एका रात्री मी आणि हे दोघांनी मिळून बघितलं. सगळे दिवे बंद. मोबाइलचा टॉर्च ट्रेच्या उंचीला आडवा ठेवला. यांनी स्कूपनं लिटर थोडं उकरलं, मांजर उकरते तसं. कूलर बंद असताना प्रकाशात एक पांढरा पुंजका वर आला आणि तिथेच तरंगत राहिला. कूलर सुरू केल्यावर तोच पुंजका ताणला गेला आणि पॅसेजच्या दिशेनं सरळ निघाला. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि काही बोलल्या नाहीत. ट्रे त्याच रात्री हलला.

तुम्हाला टॉर्चचं जमत नसेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी प्रत्येक दाराच्या चौकटीला चिकटवा आणि कूलर सुरू करून पट्टी कुठे उडते ते बघा. हवेची वाट कळते. उदबत्तीचा धूर वापरू नका, घरात आधीच दोन दमेकरी आहेत.

जून-जुलैत पाऊस लागला की कूलर बंद व्हायचा, खोकला जायचा आणि आम्ही त्याचं श्रेय त्या महिन्यात जे लिटर असेल त्याला द्यायचो. सगळा गोंधळ असा होता.

ट्रे कुठे न्यावा यावरही आम्ही चुकलो. आधी मागच्या बाल्कनीत ठेवला. मे महिन्यात दुपारी तिथली फरशी चटके देते, बुंदी गेलीच नाही आणि पायपुसण्यावर लघवी करून आली. शेवटी बाथरूमबाहेरच्या जागेत ठेवला, जिथे बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा आहे आणि कूलरची हवा थेट पोचत नाही. झाकणाचा ट्रे घेण्याचा मोह होतो, कारण धूळ खोलीत येत नाही. पण ती आत मांजराच्या तोंडावर राहते, वर अमोनियाचा दर्प. दम्याच्या मांजराला उघडा ट्रेच हवा.

भरताना बॅग उंच धरून ओतायची नाही. बॅगेचं तोंड ट्रेच्या तळाला टेकवून हळूहळू सरकवायचं. ट्रे शक्य तर गच्चीवर किंवा अंगणात भरायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग आत आणायचा. तोंडाला एन-९५ मास्क लावा. स्कूटरवर बांधतो तो स्कार्फ उन्हाला ठीक आहे, या कणांना नाही. बॅगेच्या तळातली शेवटची दोन-तीन वाट्या भुकटी मी वापरत नाही, तोंड बांधून कचरागाडीत देते. संडासात टाकू नका, फुगून पाइप बंद होतो. सांडलेली धूळ कोरड्या झाडूनं झाडली की ती पुन्हा उडते, आधी ओला पोछा. व्हॅक्यूम क्लीनरला बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर नसेल तर तो बारीक धूळ मागून परत सोडतो.

खरंच लिटरचंच आहे का? पंधरा दिवस कागद

ही चाचणी मी सर्वात आधी करायला हवी होती. ट्रेत कसलंही लिटर न घालता फाडलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला. दिवसातून दोनदा बदला. वास येईल, काम वाढेल, पण पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. ऑपरेशननंतर डॉक्टर असाच कागद वापरायला सांगतात, त्यामुळे मांजरांना तो अगदीच परका नाही. या दिवसांत खोकला स्पष्ट कमी झाला तर लिटर दोषी. काहीच फरक पडला नाही तर पैसे लिटरवर नको, तपासणीवर खर्च करा.

मांजर खोकण्याची कारणं पुष्कळ आहेत. छातीचा एक्स-रे, कधी रक्ताची तपासणी लागते. डोळे आणि नाक सतत गळत असेल तर बहुतेक वेळा मांजरांचा नागीण-विषाणू असतो, धूळ त्याला फक्त डिवचते. दमा निघाला तर स्टिरॉइडची औषधं असतात, माणसांसारखा पंपही मांजराला मुखवटा आणि स्पेसर (पंप आणि मुखवटा यांमधली नळी) लावून देता येतो. बुंदीला तो शिकवायला आम्हाला तीन आठवडे लागले. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. घरातलं खोकल्याचं औषध किंवा पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

माणसाचं थोडं वेगळं आहे. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ज्याची अनेकांना अॅलर्जी असते. ते वाळून धुळीला चिकटतं आणि घरभर फिरतं. लिटर बदलून हे जात नाही, मांजर घरातून गेली तरी काही महिने राहतं. कागदाच्या पंधरवड्यात बुंदी बरी झाली पण आई तशाच राहिल्या असत्या, तर आम्ही त्या दिशेनं गेलो असतो. नागपुरात बाहेरची धूळ आणि कोराडी-खापरखेडा बाजूच्या वीजकेंद्रांची राखही आहेच, सगळं ट्रेच्या माथी मारता येत नाही.

मग कोणतं लिटर?

आम्ही लाकडी पेलेट्सवर थांबलो. दाबून केलेल्या कांड्या असतात, ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो. जाळीचा दुहेरी ट्रे घेतला की भुसा खाली पडतो, कांड्या वर राहतात. धूळ जवळपास नाहीच. नाजूक पंजांच्या किंवा म्हाताऱ्या मांजराला त्या टोचतात, हा त्यांचा दोष. आरा मशीनवरचा फुकटचा भुसा हा पर्याय नाही. तो स्वतःच धूळ आहे, आणि सागवानाची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते.

सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर कोरड्या महिन्यांत छान. पावसाळ्यात मात्र त्याला बुरशी येते आणि धान्यासारखे किडेही होतात, हवाबंद डब्यात ठेवावं लागतं. घरात कुत्रा असेल तर तो ते खाऊ म्हणून खातो. सिलिका जेलचे पांढरे खडे वापरणाऱ्यांना एक शंका असते. ती सिलिका आणि दगडातलं क्वार्ट्झ एक नाही, जेल स्फटिकी नसतं. पण जुने होऊन चुरगळले की त्यांचीही भुकटी उडते. कन्हान नदीची रेती कमी खर्चात मिळते, पण ती काहीच शोषत नाही आणि दोन दिवसांत घर वासानं भरतं. सुवासिक काहीही घेऊ नका. तो सुगंध आपल्यासाठी असतो, मांजराच्या आणि दमेकऱ्याच्या नाकाला तो आणखी एक मार.

बेंटोनाइटच वापरायचं असेल तरी चालेल. वरच्या तीन वाटा बंद केल्या तर निम्म्याहून जास्त घरांचं काम तेवढ्यानंच होईल असा माझा अंदाज आहे. तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिलांना मात्र गोळा होणारं लिटर देऊ नका. ती ते तोंडात घालतात आणि फुगणारी माती पोटात जाते.

एका दिवसात लिटर बदलू नका. जुन्यात चौथा हिस्सा नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, असं करत दहा दिवसांत पूर्ण करा. शक्य तर काही दिवस दोन ट्रे ठेवा. मांजर ट्रे नाकारून लघवी धरून ठेवते तेव्हा गोष्ट गंभीर होते. बोका ट्रेत बसून जोर लावतोय, आवाज करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर तो नखरा नाही. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच तासाला न्या.

आणि फिनाईल. आपल्याकडे वास आला की फिनाईल ओतायची सवय आहे. मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही, पंजांना लागलेलं ती चाटते आणि विषबाधा होते. डांबराच्या गोळ्याही ट्रेजवळ नकोत. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं क्लीनर लघवीतल्या अमोनियाशी मिसळलं की घसा जाळणारा वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये आईंना त्याचा एकदा झटका आला आहे. साधा साबण, गरम पाणी, ऊन. आमच्याकडे देवघरातला धूपही आता बाल्कनीत फिरतो. हे आईंनीच ठरवलं.

नणंद बाळंतपणाला येणार आहे

पुढच्या महिन्यात नणंदबाई बाळंतपणाला माहेरी येत आहेत. त्यांच्या सासरहून निरोप आला की मांजर तोवर दुसरीकडे ठेवा. कित्येक घरांत अशा निरोपावर मांजर रस्त्यावर जाते, म्हणून डॉक्टरांशी बोलून जे कळलं ते लिहिते.

भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते आणि ती निराधार नाही. गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण मांजर हे जंतू विष्ठेतून साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते. बाहेर पडल्यावर ते लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढली तर धोका फार कमी होतो. जी मांजर घराबाहेर जात नाही, उंदीर धरत नाही, कच्चं मटण खात नाही, तिच्याकडून लागण होण्याची शक्यता अगदी थोडी. नीट न शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि कुंडीतली माती यांची काळजी तितकीच घ्यावी लागते.

गरोदर बाईनं ट्रे साफ करू नये, हे पक्कं. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे, मास्क आणि नंतर साबणानं हात. आमच्याकडे स्कूप आता यांच्याकडे गेला आहे, रोज सकाळी आंघोळीआधी. बुंदीला कच्चं काही द्यायचं नाही असं मटणवाल्याकडून येणाऱ्या दिरांनाही सांगून झालं. ताईंचा पलंग आईंच्या खोलीत लागेल, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. काल रात्री कूलर लावून, टिश्यूच्या पट्ट्या चिकटवून हवेची वाट पुन्हा एकदा तपासली. बाथरूमसमोरची पट्टी एक्झॉस्टकडे वळली, आईंच्या दारातली सरळ खिडकीकडे. पलंग खिडकीपासून दोन हात बाजूला घ्यायचा आहे, तेवढं काम रविवारी.